मडक्यातली पिल्लं

"पाच आहेत!" मी जाळीच्या आतूनच ओरडले, पण ऐकायला गच्चीवर कुणी नव्हतं.

दाढीचा गोल आरसा तारेला बांधून मी मडक्याच्या तोंडाशी धरला होता. तार लवत होती, त्यामुळं आरशातलं सगळं हलत होतं. आत काथ्याच्या गादीवर गुलाबी, उघडेवाघडे, शेंगदाण्याएवढे जीव एकमेकांच्या अंगावर पडले होते. डोळे मिटलेले. एकानं मान उचलली, चोच वासली आणि ती मान पुन्हा खाली पडली. मला वाटलं, मेलं. मग त्यानं परत उचलली. मादी वरच्या काठीवर बसून रबरी खेळणं दाबल्यासारखं 'ट्यां ट्यां' ओरडत होती. मी बाहेर आले, दाराची कडी लावली आणि ती लागली की नाही ते दोनदा ओढून बघितलं.

दुपारी मिरजेच्या दवाखान्यात गेल्यावर ही बातमी सांगायची होती. पण जिना उतरतानाच मला धास्ती वाटायला लागली. पाच आहेत, म्हणजे आता पाचांचं काहीतरी होऊ शकतं.

पक्षी सन्मतीचे. सन्मती माझा नवरा, आणि त्याआधी माझ्या सख्ख्या आत्याचा धाकटा मुलगा. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं आत्याच्या घरी मुलगी द्यायची रीत आहे, त्यामुळं लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करत राहिले आणि सासूला आत्ती म्हणत राहिले. जयसिंगपुरात आमचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. सन्मती आणि त्याचा थोरला भाऊ भूपालदादा मिळून ते चालवायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सन्मतीची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीला धडकली. उजव्या पायाची नडगी मोडून हाड बाहेर आलं. सळई घातली, टाके घातले, पण जखम भरली म्हणता म्हणता पुन्हा वाहायची. अख्खा हिवाळा तो घरी बसून होता. बोलणं कमी कमी होत गेलं. मग दवाखान्याच्या बाकावर त्याला परेराकाका भेटले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मिरजेत घरामागं पिंजरे बांधून हौसेनं पक्षी पाळणारे. त्यांच्याकडून सन्मतीनं झेब्रा फिंचची एक जोडी आणली. चिमणीपेक्षाही लहान, राखाडी अंगाचे पक्षी. नराच्या गालांवर विटकरी ठिपके, जसं कुणी रंगात बोट बुडवून लावलंय. सन्मती कुबड्यांवर गच्ची चढायचा, एका स्टुलावर बसायचा, दुसऱ्यावर पाय ठेवायचा, आणि पकडीनं लोखंडी चौकटीला जाळी आवळत राहायचा. असं करत त्यानं माणूस आत उभं राहील एवढं जाळीचं घर उभं केलं. अर्ध्यावर पत्रा टाकला, भोकं पाडलेली छोटी मडकी टांगली. शीळ घालत होता तो काम करताना. कितीतरी महिन्यांनी मी ती शीळ ऐकली.

आत्तीला हे अजिबात रुचलं नाही. आम्ही जैन, त्यातही आत्ती कडक. सूर्यास्ताआधी जेवणारी, पाणी गाळून पिणारी, कांदाबटाटासुद्धा घरात येऊ न देणारी. "आभाळात उडायचं ते कोंडायचं, आणि त्याला छंद म्हणायचं," एवढंच म्हणाली आणि गच्चीवर यायची बंद झाली. सांडगेसुद्धा तिनं अंगणात वाळवले.

मादीनं अंडी घातली त्याच आठवड्यात सन्मतीला हुडहुडी भरून ताप आला. मिरजेला दाखल करायचं ठरलं. रिक्षात बसायच्या आधी त्यानं मला फक्त पक्ष्यांचं सांगितलं. पाणी रोज बदल, चौकटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी ठेव म्हणजे मुंग्या चढणार नाहीत, मांजरावर लक्ष ठेव. मग दारात उभ्या असलेल्या आत्तीच्या कानाशी वाकून तो काहीतरी बोलला. आत्तीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, असेल काही आई-लेकाचं.

*

"किती?" मी डबा ठेवायच्या आत सन्मतीनं विचारलं.

"पाच."

"पाचही फुटली?"

"पाचही. एवढी एवढी आहेत. नुसतं मांस."

तो मोठ्यांदा हसला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं, तर त्यालाही सांगितलं, "बाबा, पाच पिल्लं झाली आमच्याकडं." त्या दिवशी त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. भूपालदादा त्याच्याजवळ मुक्कामाला असायचा. मला बाहेर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "गोळ्यांपेक्षा हे पाखरांचं औषध लागू पडालंय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू खाली फरशीवर पडलेलं सापडलं. गार झालेलं. तळहातावर घेतलं तर त्याचं वजनच लागेना. आपण होऊन पडलं की आईबापांनी बाहेर टाकलं, कळायला मार्ग नव्हता. कुंडीतली माती उकरून मी ते पुरलं. आमच्याकडं फोन नव्हता, म्हणून चौकातल्या बूथवरून परेराकाकांना फोन लावला.

"बाकीच्यांच्या पोटात काही आहे का, ते बघितलंस?" त्यांनी विचारलं. "गळ्याशी पिशवी असते. कातडी इतकी पातळ, की आतले दाणे बाहेरून दिसतात."

"नाही दिसत काका. सगळं चपटंच आहे."

"जोडी नवी आहे, पहिलीच खेप. भरवायचं कळत नाही त्यांना अजून. आणि नुसत्या राळ्याच्या कोरड्या दाण्यांवर पिल्लं निघत नाहीत. उकडलेलं अंडं कुस्करून ठेव. ते आईबाप आवडीनं खातात आणि तेच भरवतात."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अरे हो," काका म्हणाले. "तुमच्या घरी... बरं. मग राळा भिजवून दे. थोडं पनीर कुस्करून दे. घेतात का बघ."

"आणि नाही घेतलं तर?"

"आधी बघ तर," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

मी राळा भिजवला. पनीर कुस्करलं. नरानं पनीर चोचीनं इकडंतिकडं उडवलं आणि तो कोरडे दाणे टिपायला गेला.

दुपारी सन्मतीनं घास हातात घेऊनच विचारलं, "किती?"

"चार."

घास डब्यात परत गेला.

"पहिल्या खेपेला एखादं जातंच, असं काका म्हणाले," मी घाईनं म्हटलं.

"तू नीट बघितलंस ना? खाली काथ्यात दडलं असेल."

"मी पुरलं रे ते, सन्मती."

तो भिंतीकडं तोंड करून पडला. मी परत निघाले तरी वळला नाही. एसटीत बसल्यावर मला त्याचा राग आला. पायातून पू वाहतोय, भूपालदादा दवाखान्यात अडकल्यानं दुकान अर्धं बंद पडलंय, मी रोज उन्हातून डबा घेऊन जाते, आणि ह्याच्या तोंडात एकच शब्द, किती. खिडकीबाहेर बघत मी मनातल्या मनात त्याला पुष्कळ बोलून घेतलं. पण घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता गच्चीवर धावले, उरलेली चार हलतायत का ते बघायला.

दोन दिवसांनी दुसरं गेलं. ते मडक्यातच, बाकीच्यांच्या खाली दबून राहिलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात भूपालदादानं मला अडवलं.

"गेलं का अजून एक?"

मी मान हलवली.

"चारच सांग. काय जातंय तुझं? काल रात्री ताप चढलाय त्याला. डॉक्टर उद्या परत हाड साफ करणार हायत."

चार सांगायचं असं ठरवून मी आत गेले. सन्मती उशीला टेकून दाराकडंच बघत होता. त्यानं काही विचारलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "तीन."

*

संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. उन्हं अजून अंगणात होती. मी तिच्यासमोरून आत जायला लागले.

"आज किती हायत?" तिनं विचारलं.

मला कळेना. "काय किती?"

"वरची. पिल्लं."

पक्षी घरात आल्यापासून तिनं त्यांच्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी तिथंच बसले. "तीन."

सुपातला तिचा हात थांबला.

"त्यानं मनाशी बांधून घेतलंय," ती म्हणाली. "दवाखान्यात जाताना मला कानात सांगून गेला. 'आई, ही पिल्लं उडाली तर माझा पाय राहतोय बघ.' मी म्हटलं, असलं बोलू नको. आपल्यात असले कौल लावत न्हाईत. पण लावला त्यानं. आता काय करायचं?"

पाच, चार, तीन. रोज दुपारी डब्याबरोबर मी त्याला काय नेऊन देत होते, ते मला तेव्हा कळलं.

"उरलेली तीन निघतील?" आत्तीनं विचारलं.

"नाही वाटत. उपाशी आहेत ती. आईबाप भरवत नाहीत पुरेसं. राळा दिला, पनीर दिलं."

"मग काय लागतंय त्यांना?"

तिच्याकडं न बघताच मी सांगितलं. "अंडं. उकडलेलं. परेराकाका पहिल्या दिवसापासून सांगतायत."

त्या घरात तो शब्द खाण्याची वस्तू म्हणून कधी उच्चारला गेला नव्हता. मी लगेच जोडलं, "पोल्ट्रीतल्या अंड्यात जीव नसतोच म्हणे आत्ती, कोंबडा नसतोय तिथं..."

"ते मला नको शिकवू," ती म्हणाली. रागानं नाही. "जीव हाय का न्हाई, मला कळत न्हाई आणि तुलाबी कळत न्हाई. कळत न्हाई म्हणून तर मी जन्मात हात लावला न्हाई." तिनं सूप बाजूला सारलं. "पण ही तीन जिवंत हायत, हे दिसतंय की. मोकळी असती तर त्यांची त्यांनी किडामुंगी शोधली असती. आपण कोंडली. कोंडलं त्यानं पोटाला घालायला नको?"

ती उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि दारातल्या चपला शोधायला लागली.

"मी जाते आत्ती. दुकानातून आणते आणि कुठंतरी..."

"तू न्हाई," ती म्हणाली. "हे तुझ्या नावावर नको. तुला अजून लेकरंबाळं व्हायचीत."

आमच्या भिंतीला भिंत लागून मुजावरांचं घर होतं. दोन्ही घरांचं येणंजाणं होतं, सणाला शेवया आणि पुरणपोळ्या जायच्या-यायच्या, पण आत्ती त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती. त्या संध्याकाळी ती सरळ दारात जाऊन उभी राहिली. मी अंगणातल्या भिंतीशी थांबून ऐकत होते.

"भाभी, एक अंडं उकडून देशील?"

मग मुजावरभाभी ओला हात पुसत बाहेर आली. "काय म्हणालात मावशी?"

"अंडं."

"अंडं? कोंबडीचं?"

"मग काय मोराचं असतंय?" आत्ती म्हणाली. "सन्मतीच्या पाखरांना पाहिजे. आमच्या चुलीवर चालत न्हाई, म्हणून आले."

हे कसं आणि ते कसं, असं काही भाभीनं विचारलं नाही. आत वळून तिनं गॅस पेटवला.

आत्तीनं ती झाकलेली वाटी स्वतः आणली. घरातून नाही, बाहेरच्या जिन्यानं. गुडघे धरत, प्रत्येक पायरीवर थांबत. गच्चीवर आल्यावर वाटी माझ्या हातात दिली आणि पालथ्या बादलीवर, जाळीकडं पाठ करून बसली. कमरेची जपमाळ काढून तिनं णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली.

मीही तोवर अंडं कधी हातात धरलं नव्हतं. ते गरम होतं. सोललं तर पातळ कातडं बोटांना चिकटलं. काकांनी सांगितल्याप्रमाणं भिजवलेल्या राळ्यात कुस्करून मी ताटली आत ठेवली आणि दाराशी येऊन उभी राहिले.

बराच वेळ कुणी खाली उतरलं नाही. आत्तीचा जप चालू होता. मला वाटायला लागलं, हे पण खाणार नाहीत, आणि आत्तीनं जे केलं ते वाया गेलं. मग नर उतरला. ताटलीच्या काठावर बसला, मान वाकडी करून बघितलं, एक पिवळा कण उचलला. पुन्हा एक. मग मादी आली आणि दोघं असे तुटून पडले की ताटली हलायला लागली. मादी उडून मडक्यात शिरली. आतून खरखर असा बारीक आवाज आला, तुटक तुटक. इतक्या दिवसांत मी तो पहिल्यांदा ऐकला.

"काय आवाज तो?" आत्तीनं न वळता विचारलं.

"मागतायत, आत्ती. पिल्लं खायला मागतायत."

ती वळली. माळ हातातच राहिली. जाळीला दोन्ही हात टेकून ती मडक्याकडं बघत उभी राहिली. सूर्य मावळून गेला तरी तिथंच होती. त्या दिवशी तिचं जेवण राहिलं.

*

मग रोज सकाळी भिंतीवर झाकलेली वाटी यायची. भाभी हाक मारायची नाही, नुसती वाटी ठेवून जायची. आत्ती ती उचलायची आणि वर आणून द्यायची. मला हात लावू द्यायची नाही, फक्त कुस्करायचं तेवढं माझ्याकडं.

पिल्लं जगत होती, पण माझी धास्ती कमी होत नव्हती. रोज कडीला हात लावून मी थोडी थांबायची. आत काय दिसेल? ऊन वाढलं तसं पत्र्यावर ओलं पोतं टाकलं, तर वाटलं ओलाव्यानं गारठतील. काढलं, तर वाटलं भाजतील. एकदा जाळीवर मांजराचे केस सापडले आणि मी दिवसभर काठी घेऊन गच्चीवर बसले. पिल्लांना आधी काळ्या काड्यांसारखी पिसं फुटली, मग डोळे उघडले. आता दुपारी मी "तीन" म्हणायची आणि सन्मती डोळे मिटून मान हलवायचा, जणू स्वतःशीच काहीतरी पक्कं करतोय. आत्तीनं मला बजावलं होतं, अंड्याचं त्याला सांगायचं नाही.

त्याच्या खोलीत मात्र एक वास यायला लागला होता. गोडसर, जड. साबणानं पुसून घेतलं तरी जायचा नाही. दोनदा हाड साफ करून झालं होतं. ताप उतरायचा आणि परत चढायचा. पाय चादरीखाली झाकलेला असायचा आणि तिकडं कुणीच बघायचं नाही.

एके सकाळी मी जाळीपाशी गेले तर मडकं रिकामं होतं. मग वर बघितलं. तिन्ही काठीवर ओळीनं बसली होती, आखूड शेपट्यांची, फुगलेली, घाबरलेली. एकानं उडी मारली, जाळीला आपटलं, खाली पडलं, पंख फडफडवत पुन्हा वर गेलं. मी तिथंच रडले. मग डबासुद्धा न करता तशीच एसटी स्टँडवर पळाले.

"उडाली!" मी दारातूनच सांगितलं. "तिन्ही उडाली सन्मती!"

त्यानं दोन्ही हात वर केले. ताप होता, ओठ सुकलेले होते, पण चेहरा असा उजळला की मला लग्नाआधीचा सन्मती दिसला. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भूपालदादा खिडकीशी उभा होता. तो वळला नाही.

मी त्याच्याजवळ गेले. "काय झालं दादा?"

त्यानं मला बाहेर नेलं. "सकाळी मोठे डॉक्टर येऊन गेले. विष रक्तात उतरालंय. गुडघ्याखाली पाय काढायला पाहिजे. आजच. नाहीतर..." पुढं त्याला बोलवेना. "त्याला सांगितलंय. विचार करतो म्हणाला होता. सही करायच्या बेतात होता गं. आणि तू आलीस."

आतून सन्मतीचा आवाज आला. "दादा, डॉक्टरांना सांग, मी सही करणार नाही. पाय राहतोय माझा."

डॉक्टर आले. त्यांनी शांतपणे समजावलं. प्रश्न आता पायाचा नाही, जिवाचा आहे, असं सरळ सांगितलं. सन्मती त्यांच्याकडं बघून हसत होता, लहान मुलाकडं बघून मोठी माणसं हसतात तसा. मी त्याचे हात धरले, विनवलं. तो म्हणाला, "तूच तर सांगितलंस. तिन्ही उडाली." डोळे तापानं चकाकत होते. सारखं तेच म्हणत राहिला.

मी टेलिफोनच्या बूथवर जाऊन मुजावरांच्या घरी फोन लावला.

आत्ती रिक्षानं आली. बरोबर मुजावरभाभी होती, आत्तीचा दंड धरून. आत्ती खाटेशी गेली, चादर बाजूला केली आणि पायाकडं बघितलं. घोट्यापासून वर पसरलेलं ते काळंनिळं तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. तिनं चादर पुन्हा नीट घातली.

"आई, पिल्लं उडाली," सन्मती म्हणाला.

"ठाव हाय. मीच घातलं त्यांना खायला."

"तू?"

"अंडं घातलं."

तो हसायला लागला. मग आत्तीच्या तोंडाकडं बघून थांबला.

"तुझा कौल लागला म्हणून ती जगली न्हाईत," आत्ती म्हणाली. "दोन मेली आणि तीन मरायला टेकली होती. मी हिच्या दारात गेले आणि अंडं मागून आणलं. ह्या हातानं. विचार हिला."

सन्मतीनं दाराकडं बघितलं. मुजावरभाभीनं डोळे पुसत मान हलवली. "रोज न्यायच्या, भाऊ. स्वतः."

"जन्मभर सांभाळलेलं होतं मी," आत्ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "ते धरून बसले असते तर ती तिन्ही आज मातीत असती. जीव राहायचा असला तर काहीतरी सोडावं लागतंय, सन्मती. मी माझं सोडलं. आता तू पाय सोड."

पलीकडचा म्हाताराही उठून बसला होता. सन्मतीनं आत्तीचा हात धरला, उलटा केला आणि तिच्या तळहाताकडं बघत राहिला, जणू तिथं काही लागलेलं दिसेल.

"हातात घेतलंस तू?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

मग तो रडला. नीट, मोकळा, आवाज करून. मघाचं ते चकाकणं त्याच्या डोळ्यांतून गेलं आणि उरला तो फक्त घाबरलेला माणूस. "दुखेल का गं आई?"

"दुखेल," आत्ती म्हणाली. "मी हाय इथं."

त्यानं भूपालदादाकडं हात केला, सहीसाठी.

*

शस्त्रक्रियेनंतर ताप उतरत गेला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर सांगता आलं नसतं. आत्तीनं गावात मुक्कामाला आलेल्या मुनीमहाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त घेतलं. पुष्कळ उपवास केले. मी एकदा म्हटलं, "तू काही चूक केली नाहीस आत्ती." ती म्हणाली, "चूक झाली म्हणून न्हाई. केलं ते केलं म्हणून." त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. आता तिला जाऊनही कितीतरी वर्षं झाली.

सन्मती घरी आला, पण गच्चीवर जायचं नाव काढेना. मीही विषय काढला नाही. वरून त्यांचा आवाज यायचा तेव्हा तो रेडिओ मोठा करायचा. पक्षी परेराकाकांना परत द्यावेत असं मी मनाशी ठरवलंही होतं.

उन्हाळा संपत आला होता तेव्हा एके दुपारी तो न सांगता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी पाठमोरा चढायला लागला. मी खालून त्याच्यासमोर एकेक पायरी चढत राहिले, पडला तर धरायला हात पुढं करून. हात लावू दिला नाही त्यानं. वर पोचेपर्यंत घामानं भिजला होता. जाळीशी जाऊन तो फरशीवरच बसला. आत पाच जण उडत होते, भांडत होते, काठीवरून एकमेकांना ढकलत होते.

"यातली पिल्लं कुठली?" त्यानं विचारलं.

मी खूप वेळ बघितलं. मडक्यातून बाहेर आली तेव्हा त्यांच्या चोची काळ्या होत्या, लांबूनही कळायचं. आता सगळ्यांच्या चोची सारख्याच लाल झाल्या होत्या, नरांच्या गालांवर ठिपके उमटले होते, शेपट्या वाढल्या होत्या.

"आता नाही रे ओळखू येत," मी म्हटलं.

तो बघत राहिला. एक पक्षी काठीवरून उडून जाळीला येऊन चिकटला, त्याच्या तोंडासमोर, आणि परत गेला.

"बरं झालं, आता मोजायला नको," सन्मती म्हणाला, आणि त्यानं राळ्याचा डबा मागितला.